गाडग्याला लावलेला बोल

अन्नपूर्णा : ...तं मी गाडगं असं वर धरलं निशा, दोन्ही हातानं, अन् म्हनलं, पाहा हो, देवाजी कुंभाराची करामत पाहा! खारी माती घालते अन् लोकाच्या गळ्यात बांधते. अन् देलं आपटून त्याच्याच दुकानासमोर. खापरं पार भाजीवाल्यांपर्यंत गेले.

निशा : आपटायला नव्हतं पायजे आई.

अन्नपूर्णा : काऊन? तुह्या मायनं दोन घास खाल्ले अन् ताट सरकवलं. 'पोट भरलं विहीनबाई' म्हने. दोन घासात कोनाचं पोट भरते? लेकीची सातव्या महिन्याची ओटी भराले आलेली बाई, तलावातली ताजी मरळ, अन् माह्या घरून उपाशी गेली! मीबी चाखून पाह्यलं मागून. कडू जहर. अन् वास असा का मासोळी आहे का अत्तर, समजेना.

निशा : झालं गेलं. माझी आई काही मनात धरत नाई.

अन्नपूर्णा : ती नाई धरत, मी धरतो ना! या गावात कोनालेबी विचार, अन्नपूर्णाच्या हातची मासोळी कशी असते. लोकाच्या घरी जर्मनचे गंज-पातेले आले, कुकर आले. मी म्हनलं, आनाचे तर आना, माह्या चुलीवर गाडगंच राहीन. जर्मनच्या गंजात मासोळी शिजते, पन मासोळी एकीकडं अन् पानी एकीकडं. गाडग्यात सावकाश शिजते, रस्सा अंगाले धरते. तुहा सासरा होता तवा भाकरीनं गाडगं पुसून खाये. त्या गाडग्यानंच माही इज्जत घेतली.

निशा : देवाजीबाबा काही बोलले का?

अन्नपूर्णा : बोलते काय? खाली बसला अन् खापरं वेचत राह्यला. लच्छूभाऊ होता तिथी, त्याची बायकोबी होती. पोरीच्या लग्नाची मडकी सांगून ठेवली होती त्यायनं देवाजीले. तिथल्या तिथी म्हनलं, आता आमी वडशाच्या बाजारातून आनतो. बरं झालं. त्यायचीबी फजिती वाचली.

निशा : अन् हे? हे होते ना तुमच्यासंगं?

अन्नपूर्णा : स्वप्निल? होता ना, थैली धरून. तो काय बोलते? नागपुरात हॉटेलच्या काउंटरवर बसनारा मानूस, आपल्या बाजारच्या भांडनात कायले पडन? कान तेवढे लाल झाले होते त्याचे. ऊन लागलं असन. बरं, ते जुनं गाडगं घे, आंबिलीचं. त्यात पेज कर. पाह्य, पाय कसे सुजले तुहे. पेज पेशील तं बरं वाटन.

निशा : ठेवते. पाणी आधी उकळू देऊ ना?

अन्नपूर्णा : हव, मंग तांदळाची कनी टाक. मी तवरिक कोंबड्यायले दाने टाकतो.

निशा : आई... जरा इकडं या.

अन्नपूर्णा : काय झालं? कनी जास्त पडली?

निशा : कनी अजून टाकलीच नाई. नुसतं पाणी आहे. फेस येऊन राह्यला.

अन्नपूर्णा : नुसत्या पान्याले कायचा फेस येते... हे वं काय! उतरव, उतरव. थांब, तू वाकू नको, मी उतरवतो. वास पाहू. लिंबाचा! लिंबू कोनं पिळलं यात? असाच वास त्या मरळीले होता. मी म्हनलं मातीचाच दोष. पन हे गाडगं माह्या सासूनं घेतलेलं. देवाजीच्या बापाच्या हातचं. याच्यात किती उन्हाळ्याची आंबील झाली, कवाच काही झालं नाई. याले आजच काऊन... निशा, खाली काऊन पाहतेस? इकडं पाह्य.

निशा : मीच घासलं होतं आई. साबणानं.

अन्नपूर्णा : कवा?

निशा : आईबाबा आले त्या संध्याकाळी.

अन्नपूर्णा : खोटं बोलू नको. त्या सांजी तू बाजेवर होतीस अन् तुही माय तुहे पाय चेपून देत होती. मी तलावावर गेली होती मासोळी सांगाले. वापस आली तं सारे भांडे लखलख, पालथे घालून ठेवलेले. मले वाटलं विहीनबाईनं घासले. मेल्याहून मेल्यासारखं झालं मले. लेकीच्या घरी पाहुनी आलेली बाई अन् भांडे घासते! त्या लाजेपायी मी विचारलंबी नाई का कोनं घासले अन् कायनं घासले. विचारलं असतं तं... सांग आता. तुह्या मायनं घासले?

निशा : नाई. आईला मी उठूच दिलं नाई.

अन्नपूर्णा : मंग कोनं? भूत आलं होतं?

स्वप्निल : मी घासले.

अन्नपूर्णा : तू कवा आलास बाहेरून? अन् काय म्हनलास?

स्वप्निल : मी घासले म्हनलं आई. मागं, विहिरीजवळ. निशाले वाकता येत नव्हतं, तू घरी नव्हतीस. म्हनलं, कोनी पाहाच्या आत करून टाकू. नागपूरहून बाटली आनली होती, हिरवी, लिंबूवाली. दोन्ही गाडगे त्याच्यानंच घासले. मस्त चोळून.

अन्नपूर्णा : गाडग्याले साबन? अरे बाप्पा! राख होती, धानाची तनस होती. माती पिते रे साबन, अन् विस्तवावर ठेवली का सारा वर काढते. लहान लेकराले समजते हे.

स्वप्निल : हॉटेलात मटका-हंडी देतात ना, तेबी मातीचंच आहे. रोज साबनानं घासतो, काही होत नाई. मतलब ते मशिनीचे राहतात, आतून काचेवानी गुळगुळीत. मले वाटलं आपलंबी तसंच. डोक्यातच नाई आलं यार.

अन्नपूर्णा : घासतो म्हनजे? हॉटेलात कोन घासते?

स्वप्निल : हॉटेलातले लोक घासतात.

अन्नपूर्णा : स्वप्निल, मी विचारून राह्यली. कोन घासते?

स्वप्निल : मीच घासतो आई.

अन्नपूर्णा : तू तं काउंटरवर...

स्वप्निल : काउंटरवर मालकाचा साळा बसते. मी मागं राहतो, मोरीवर. लागलो तवापासून तिथीच आहो.

अन्नपूर्णा : हळू बोल. शेजारची मंगली आंगनात आहे, सारं आयकू जाईन तिले.

स्वप्निल : हळूच बोलून राह्यलो.

अन्नपूर्णा : तुह्या सोयरिकीत मी व्याह्यायले काय काय सांगतलं होतं! पोरगा गल्ल्यावर बसते, पंख्याखाली बसते. मासोळी धरनाऱ्या ढिवराच्या घरात पहिला असा निघाला म्हनून साऱ्या गावात सांगत फिरली मी. निशा, तुले माहीत आहे का हे?

निशा : मला माहीत आहे आई. लग्न झाल्यावर यांनी लगेच सांगितलं. भांडी घासतात त्याचं मला काही वाटत नाई. बाजाराचं वाटते.

अन्नपूर्णा : हव. बाजार. तू बाजारात माह्या बाजूले उभा होतास ना रे?

स्वप्निल : हव.

अन्नपूर्णा : मी खारी माती म्हनलं तवा?

स्वप्निल : उभा होतो.

अन्नपूर्णा : आपटलं तवा?

स्वप्निल : तवाबी होतो. तोंड उघडलंच नाई माह्यं. म्हनलं, मी घासले असं म्हनलो तं लोक हसतील, मंग विचारतील घरचा गडी भांडे काऊन घासते, अन् गोष्ट नागपूरपर्यंत जाईन. देवाजीकाकानं एक खेप माह्याकडं पाह्यलं. मी मान खाली घातली. त्या टायमाले जमिनीत गेलो असतो तं बरं झालं असतं.

अन्नपूर्णा : तू गेला असतास जमिनीत, अन् त्या म्हाताऱ्यानं काय करावं? मी म्हनलं ते सारं त्यानं आयकून घेतलं. चोर सोडून संन्याशाले फाशी, अन् फाशी देनारी मी. माही चप्पल आन इकडं.

स्वप्निल : मार. मारलंच पायजे.

अन्नपूर्णा : मारत नाई, पायात घालतो. चाल कुंभारटोलीत. अन् तिथी तू तोंड उघडू नको. मी पाहून घेतो.

* * *

अन्नपूर्णा : देवाजीभाऊ, आहा का घरात?

देवाजी : घरात कायले, तुह्या समोरच आहो. ये. आनखी काही फोडाचं राह्यलं का? हे माठ आहेत. तिकडं झाकनाच्या परया आहेत, पन त्या ओल्या आहेत. फुटनार नाईत, चेपतील.

अन्नपूर्णा : बोला भाऊ. तुमाले हक आहे.

देवाजी : हक काय करतो घेऊन?

अन्नपूर्णा : सुकरीबाई दिसत नाई.

देवाजी : आत आहे. त्या बाजाराच्या दिवसापासून आंगनात आली नाई. तिनंच थापलं होतं ते गाडगं. मी चाकावरून नुसतं उतरवतो, बूड अन् पोट ती थापते. लोकाले चाकच दिसते.

अन्नपूर्णा : सुकरीबाई, आयक वं माय...

देवाजी : तिले राहू दे. काम सांग.

अन्नपूर्णा : भाऊ, ते गाडगं चांगलं होतं.

देवाजी : मले माहीत आहे.

अन्नपूर्णा : त्याले साबन लागला. मीच घासलं. पाहुन्याच्या गडबडीत भान राह्यलं नाई, अन् बोल तुमच्या मातीले लावला. नाचता येईना आंगन वाकडं, तसं झालं माह्यं.

देवाजी : कोनं घासलं म्हनतेस?

अन्नपूर्णा : मी.

देवाजी : अन्नपूर्णाबाई, तू या गावात नवरी होऊन आली तवापासून आमच्या घरच्या गाडग्यात रांधतेस. तू साबन लावशील? उद्या म्हनशील, काटा न काढता मासोळी गिळली. बाजारात बोललीस ते खोटं होतं, पन तुले माहीत नव्हतं. हे तं समजून-उमजून बोलून राह्यलीस.

स्वप्निल : मी घासले, काका.

अन्नपूर्णा : तुले म्हनलं होतं ना तोंड उघडू नको!

देवाजी : उघडू दे बाई. पह्यलेच उशीर झाला त्याले.

स्वप्निल : तुमाले माहीत होतं?

देवाजी : खापरं वेचले तवा वास आला. आमी बोडीतली, तळ्यातली माती आनतो बाबू, तिच्यात लिंबाचा वास कुठला? वर पाह्यलं तं तुही मान खाली. तवा समजलं.

स्वप्निल : मंग तिथीच सांगाचं होतं. माह्याकडं बोट दाखवाचं होतं.

देवाजी : मायनं गाडगं फोडलं म्हनून मी तिचं लेकरू फोडू का, भर बाजारात?

अन्नपूर्णा : भाऊ...

देवाजी : थांब. म्हनून मले राग नाई असं समजू नको. मले लय राग आहे. फुटलं ते फुटलं. कुंभाराच्या घरी रोजच काही ना काही फुटते. पन तू म्हनलीस, खारी माती घालून लोकाच्या गळ्यात बांधते. माह्या बापालेबी कोनी असं म्हनलं नव्हतं. लच्छूच्या घरून निरोप आला, मडकी नको. पोरीच्या लग्नात त्यायच्या घरच्या बाया हळदीकुंकू घेऊन आमच्या आंगनात येनार होत्या, वाजागाजा घेऊन. सुकरीनं आंगन सारवून ठेवलं होतं, चाकाले पुजाले नवीन कापड आनलं होतं. आता ते कापड घडी करून ठेवलं.

अन्नपूर्णा : मी आत्ताच जातो लच्छूभाऊच्या घरी. त्याच्या बायकोचे पाय धरतो. सांगतो तिले.

देवाजी : काय सांगशील?

अन्नपूर्णा : का गाडग्यात दोष नव्हता म्हनून.

देवाजी : ओरडलीस बाजारात अन् माफी मागतेस कानात?

अन्नपूर्णा : बाजारात कशी सांगू भाऊ? मी तयार आहो. माही लाज गेली ते गेली. पन सारे विचारतील कोनं घासलं. हा जवाई आहे कोनाचा तरी. बायको पोटुशी. पुढच्या महिन्यात तिले माहेरी न्याले तिचा भाऊ येनार, त्याच्या कानावर गेलं तं? माह्या नावावर सांगू द्या ना. तुमाले नाई पटलं, लोकाले पटन.

देवाजी : कोनाच्या नावावर सांगाचं ते तू पाह्य. मले त्याच्याशी देनंघेनं नाई. माह्या मातीचं नाव जिथी गेलं तिथून वापस आनून दे, बस.

स्वप्निल : येतो काका आमी. बाजाराले येतो.

देवाजी : ये. अन् बाबू...

स्वप्निल : काय?

देवाजी : घरचं भांडं घासलं, त्यात लाजेसारखं काही नाई. राखेनं घास.

* * *

देवाजी : कवाची उभी आहेस उन्हात. सांगाचं असन तं सांग, नाई तं सावलीत बस. गिऱ्हाईक अडते.

अन्नपूर्णा : सांगतो भाऊ. मागच्या बाजारी कसं धडाधड निघत होतं तोंडातून!

देवाजी : तवा दुसऱ्याचं सांगाचं होतं.

अन्नपूर्णा : आयका हो! ओ भाजीवाले भाऊ, आयका. मंगली, तूबी थांब, तू तं होतीसच त्या दिवशी. लच्छूभाऊ, जाऊ नको, तुह्यासाठीच बोलून राह्यली. मागच्या बाजारी इथीच मी देवाजीभाऊचं गाडगं फोडलं. खारी माती म्हनलं. ते खोटं होतं. माती चांगली होती, गाडगं चांगलं होतं. माह्याच घरात त्याले साबन लागला. वास साबनाचा होता, कडूबी साबनच होता... हसा. हसा ना, हसाचीच गोष्ट आहे. कोनं लावला म्हनता? ते... पाहुने होते घरी, गडबड होती, तं मीच...

स्वप्निल : मी लावला.

अन्नपूर्णा : स्वप्निल, घरी जा.

स्वप्निल : नाई जात. मागच्या टायमाले गप राह्यलो, तेवढं बस झालं. लच्छूकाका, मी घासले ते गाडगे. बायकोले वाकता येत नव्हतं म्हनून घासले. अन् नागपुरातबी मी भांडेच घासतो. काउंटर-फिंटर काही नाई. आईले माहीत नव्हतं, ती तुमाले खोटं नाई बोलली, मी तिले खोटं बोललो. मंगलीमावशी, मोकळ्या मनानं हसून घे. पन काका, मडकी वडशावरून आनू नका. ह्यायच्या मडक्यात काहीच खोट नाई. माह्या हातून झालं.

अन्नपूर्णा : लच्छूभाऊ, काही तं बोल. अरे, तोंड फिरवून कुठी चाललास?

देवाजी : जाऊ दे त्याले.

अन्नपूर्णा : काहीच नाई बोलला भाऊ तो. पटलं का नाई, काय समजावं?

देवाजी : त्याच्या घरी बायको बोलते. तिले जाऊन सांगन, मंग ती ठरवन. येतील तं येतील.

स्वप्निल : अन् नाई आले तं?

देवाजी : तं नाई आले. तू बोललास, मी आयकलं. बस, आता सावलीत बस.

अन्नपूर्णा : भाऊ, मले एक गाडगं द्या. घरातले दोन्ही गेले. आता काही केलं तरी वास जात नाई त्यायचा.

देवाजी : घे. हे काल आव्याच्या भट्टीतून काढलं. वाजवून घे.

अन्नपूर्णा : कोन्या तोंडानं वाजवू? तसंच नेतो.

देवाजी : तसंच नेशील तं लोक म्हनतील, बाईनं भरपाई म्हनून नेलं. आमचं गाडगं कोनाच्या दयेवर जात नाई. सारे वाजवून घेतात, तूबी वाजव.

(अन्नपूर्णा गाडगं कानाशी धरून बोटाच्या पेरानं ठोकते.)

देवाजी : कसं आहे?

अन्नपूर्णा : चांगलं आहे भाऊ.

देवाजी : मले कायले सांगतेस? मले माहीत आहे. ते पाह्य, सुकरी आली आज बाजाराले. माठाच्या मागं बसली आहे. तिले सांग.

अन्नपूर्णा : सुकरीबाई... चांगलं थापलं वं माय. खनखन वाजते.

देवाजी : काही बोलनार नाई ती. पाठच फिरवून बसली आहे. जा तू आता, घरी पोटुशी सून वाट पाहत असन.

अन्नपूर्णा : जाईन भाऊ. तिले फिरू द्या इकडं. मी उभी आहो.